बाकड्याची पाठ

माझा गोकुळ मला रोज बघतो, पण भेटायला काही येत नाही. पुण्यात, हडपसरला, सातव्या मजल्यावर बसून बघतो. मागच्या दिवाळीला आला तेव्हा त्यानं दाराच्या चौकटीवर एक पांढरा डोळा ठोकला, कोंबडीच्या अंड्याएवढा, आणि म्हणाला, आई, आता तू एकटी नाहीस. मग मोटारीत बसून निघून गेला. मी राहिले आणि तो डोळा राहिला.

म्हातारपणी पोरगं बघील, असं आमची आई म्हणायची. तिला हे असलं बघणं म्हणायचं नसणार.

बरं, नुसतं बघून गप्प बसावं. वरून देवही बघतो, पण तो कधी मधे बोलत नाही. ह्या डोळ्याला तोंडही आहे. पहिल्याच आठवड्यात साखरबाई माझ्या ओट्यावर पाणी पीत बसली होती. बारामतीला मेथी-कोथिंबीर विकायला जाणारी ही बाई, तोंडानं फाटकी, पण मनानं चांगली. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि वरून आवाज आला, "कोण आहे तिथं?"

आता गोकुळचा आवाज हुबेहूब त्याच्या बापाचा. आणि त्याचा बाप जाऊन पाच वर्षं झालेली. साखरबाईच्या हातातला तांब्या अंगणात जाऊन पडला आणि ती चौकटीला हात जोडून म्हणाली, "आबाजी, नुसतं पानीच पितीया. दुसरं काय बी घेतलं न्हाय." दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन आली. मी तो फोडला आणि चटणी केली. तिला काय सांगणार?

साखरबाई माझ्या ओट्यावर काय करत होती, तर गाडीची वाट बघत होती. रुळाच्या कडेला माझं घर, घरापुढं ओटा, ओट्यावर लिंबाची सावली, आणि समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, आमचं मेंढवाडी हॉल्ट. बारामती-दौंड लायनीवरचं. तिथल्या सोयी सांगते. एक पिवळी पाटी, एक खिडकी, आणि खिडकीमागं दादासो. संपल्या सोयी.

दादासो आमच्या गावचाच. तिकिटं विकायचं कंत्राट त्याच्याकडं आहे, पण तो स्वतःला स्टेशनमास्तर समजतो. रेल्वे त्याला काय समजते ते रेल्वेनं अजून कळवलेलं नाही. गाडी कुठं आहे असं विचारलं की तो आभाळाकडं बघून म्हणतो, "निघालीया." कुठनं निघाली ते सांगत नाही. आणि फलाट असा बुटका, की गाडीत चढणं म्हणजे उसाच्या ट्रॉलीवर चढणं. एकानं खालनं ढकलायचं, एकानं वरनं ओढायचं. त्यापायी गावातली पुष्कळ भांडणं मिटली. ज्याच्याशी बोलणं बंद, त्याचाच हात धरून वर जावं लागतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा छोटी गाडी होती. ती चढाला एवढी दमायची की माणसं खाली उतरून बोरं वेचायची आणि पुन्हा चढायची. पुढं मोठे रूळ आले. तेव्हा कोणी साहेब म्हणाले, हितं गाडी कशाला थांबवायची, हितं आहे कोण? आमच्या मालकांनी पुढं होऊन सांगितलं, "आमी हाय." एवढं एकच भाषण त्यांनी जन्मात केलं, पण गाडी थांबली. आजतागायत थांबते. सकाळी एकदा, सांजच्याला एकदा, आणि मधे रूळ नुसते तापत पडलेले.

तर हॉल्टवर सावली नाही, पाणी नाही, बूड टेकायला जागा नाही. म्हणून गाडीचं माणूस माझ्या ओट्यावर. आणि ओट्यावर आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय पाठवायचं नाही, ही आमची रीत. पाण्याबरोबर गुळाचा खडा. खडा विरघळेपर्यंत माणूस बोलतं. बारामतीच्या मार्केट यार्डात वांगी काय भावानं गेली, कोण कुठल्या दवाखान्यात ॲडमिट आहे, कुणाच्या पोरीनं कुणाला नकार दिला, सगळं मला गुळावर कळायचं. मी दुसरीत शाळा सोडली, पण पेपर घेणारी माणसं बातमी खरी का खोटी हे मला विचारून जायची.

हे गोकुळला बघवेना. रोज संध्याकाळी फोन. आई, तो निळ्या शर्टवाला कोण होता? मी म्हणायची, माहीत नाही. मग त्याला गूळ का दिलास? आता ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? ओळख असलेल्यालाच गूळ द्यायचा, तर ओळख व्हायची कशी? पण सातव्या मजल्यावर असले प्रश्न पडतात. तिथं समोरच्या दारात कोण राहतं ते त्याला माहीत नाही, आणि माझ्या ओट्यावरच्या शर्टाचा रंग त्याला माहीत.

मग एक दिवस गोडीत फोन आला. आई, आप्पांच्या नावानं हॉल्टवर एक बाकडं देऊ. सिमेंटचं, पक्कं. त्यांच्यामुळं गाडी थांबली, त्यांचं नाव तिथं राहील. मागनं सूनबाई, म्हणजे योगिनी, म्हणाली, आईंनाही जरा निवांतपणा मिळेल. मला तेव्हाच वास यायला पाहिजे होता. माझं नाक तसं तिखट आहे. पण नवऱ्याचं नाव निघालं की चांगल्या चांगल्या नाकांना पडसं होतं.

दादासो म्हणाला, "आक्का, एक अर्ज टाकू. झालंच काम." दादासो ज्या कामाला झालंच म्हणतो ते सुरू व्हायला एक हंगाम जातो. अर्ज टाकला, आणि हंगाम गेल्यावर आम्हाला वरच्या हाफिसात बोलावणं आलं. मी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून गेले. रेल्वेला वस्तू द्यायला चालले होते, मागायला नव्हे. पण हाफिसातल्या लोकांना देणारा आणि मागणारा एकाच रांगेत उभा करायची सवय असते.

पहिल्या टेबलावरच्यानं विचारलं, बाकडं उचलतं आहे की पुरलेलं? उचलतं असेल तर हे टेबल, पुरलेलं असेल तर ते टेबल. मी म्हणाले, पुरलेलं. त्या टेबलावर गेले तर तो म्हणाला, अजून पुरलंय का? नाही ना? मग आत्ता ते उचलतंच आहे, पहिल्या टेबलावर जा. दादासोला हे पटलं. त्याला हाफिसातलं सगळंच पटतं. मला पटलं नाही, म्हणून मी दोन टेबलांच्या मधे उभी राहिले आणि म्हणाले, तुम्ही दोघं ठरवा, मी हितंच पुरलेली आहे.

शेवटी दुसऱ्यानं कागद ओढला. म्हणाला, आजी, एकदा दिलं की बाकडं रेल्वेचं. उद्या आम्ही ते उचलून दुसरीकडं नेलं तर तुमची हरकत नाही ना?

"न्या की," मी म्हणाले. "पर मग आमची गाडी बी तिकडंच थांबवा."

तो माझ्याकडं जरा आदरानं बघायला लागला. आणि तिथंच घात झाला. त्यानं विचारलं, "नाव काय टाकायचं?"

दादासो नेमका चहाला गेला होता. आणि मी मालकांचं नाव जन्मात घेतलेलं नाही. लग्नात घासाला घेतलं असेल, तेवढंच. ते असताना घेतलं नाही, ते गेल्यावर तर जीभच वळत नाही. मी म्हणाले, आमच्या मालकांचं. तो म्हणाला, मालक हे नाव की आडनाव? मी म्हणाले, आमच्या घरात दोन्ही. त्यानं पेन खाली ठेवला.

मागं रांग वाढली. रांगेत माझ्याच वयाची एक बाई होती, तिला लगेच कळलं. ती पुढं येऊन म्हणाली, अवो सायेब, तिला घेता येत न्हाई नाव. मग तिनंच चौकशी चालू केली, देवाचं आहे का? मी मान हलवली, नाही. मग मागनं एकेक जण नावं सुचवायला लागला. मारुती, पांडुरंग, ज्ञानोबा. आख्खी रांग माझ्या नवऱ्याचं नाव शोधायला लागली. एका म्हाताऱ्यानं स्वतःचंच नाव सुचवलं, मी त्याच्याकडं असं बघितलं की तो रांग सोडून गेला. शेवटी एक रिटायर फौजी म्हणाला, आबा-बिबा आहे का? मी मान डोलावली. अर्धं नाव झालं. तेवढ्यात दादासो मिशी पुसत आला आणि म्हणाला, "आबाजी." रांगेतल्या सगळ्यांनी हुश्श केलं. साहेब म्हणाला, हे आधीच सांगायला काय झालं होतं? त्याला काय सांगणार? त्याची बायको त्याला नावानं हाका मारत असणार, त्याचा चेहराच सांगत होता.

मंजुरी आली आणि बारामतीहून टेम्पोत बाकडं आलं. मला वाटलं, संपलं. पण नाव कुठं लिहायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. रंगारी ब्रश घेऊन उभा राहिला आणि आख्खं गाव सल्ला द्यायला जमलं.

दादासो म्हणाला, टेकायच्या पाठीवर, पुढून, सगळे तसंच लिहितात. शेजारची छबूबाई माझी जिवाची मैत्रीण. जिवाची म्हणजे जीव खाते. ती म्हणाली, "म्हंजी जो तो आबाजीच्या नावाला पाठ घासत बसनार व्हय?" हे खरं होतं. मग कुणी म्हणालं, बसायच्या जागेवर लिहा. त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. पायावर लिहावं तर गावात कुत्री काय करतात ते सगळ्यांना माहीत. रंगाऱ्याचा रंग वाळायला लागला. मालकांचं नाव एवढं मोठं, आणि ते ठेवायला एक बाकडं पुरेना.

तेव्हा तोडगा मी काढला. दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही हेच वाईट. मी म्हणाले, नाव पाठीच्या मागल्या अंगाला लिहा. तिथं कुणाची पाठ लागत नाही, कुणाचं बूड लागत नाही. आणि बाकडं रुळाकडं तोंड करून पुरलं की मागली बाजू बरोबर माझ्या घराकडं येते. सकाळी उठून दार उघडलं की मालकांचं नाव समोर. सगळ्यांना हे पटलं. छबू तर म्हणाली, तुझं डोकं बापय मानसाचं हाय. तसंच केलं. कै. आणि पुढं मालकांचं नाव, तांबड्या रंगात, माझ्याकडं तोंड करून.

सिमेंटचं बाकडं, वर ऊन. पहिल्या दिवशी मानाचा म्हणून दादासो बसला आणि कुणी उठ न म्हणता उठला. पुढं दोन दिवस तो खिडकीत उभ्यानंच तिकिटं देत होता. गोकुळला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मग वर पत्रा टाकू, आहे काय त्यात. पत्र्याला पुन्हा हाफिस, पुन्हा टेबलं. ते सांगत नाही. एवढंच सांगते की पत्रा उचलता आहे का पुरलेला, हेही विचारलं.

पत्रा पडला, सावली झाली. आता सावली आहे आणि पाणी नाही, हे मालकांच्या नावाखाली शोभेना. मी ओट्यावरचा माझा रांजण उचलायला लावला. माझ्या सासूचा रांजण, त्यातलं पाणी वैशाखातही दात शिवशिवायला लावतं. चौघांनी तो हॉल्टवर नेला, मी मागनं तांब्या घेऊन. छबू दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "सगळंच दिलंस. आता लिंब तेवढा उपटून दे." मला वाटलं जळते आहे. छबूचं हेच वाईट. ती खरं बोलते तेव्हाही जळल्यासारखीच दिसते.

उद्घाटनाला गोकुळ येणार होता. आला नाही, त्याला मीटिंग निघाली. मीटिंग ही वस्तू नेमकी आईच्या कार्याच्या दिवशीच निघते. मी नारळ हातात घेतला, लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, आणि मागनं, माझ्या रिकाम्या घरातनं, मालकांचा आवाज आला, "सर्वांचे मनापासून आभार." निम्म्या गावानं वळून माझ्या घराला हात जोडले. साखरबाईनं तर तिथनंच दंडवत घातला. नारळ फुटायला आणि गाडी यायला एकच गाठ पडली. सगळी प्रसाद घेऊन गाडीत चढली. खालनं ढकललं, वरनं ओढलं, गाडी गेली. फलाटावर मी, दादासो आणि नारळाच्या शेंड्या.

दुसऱ्या दिवशी मी ओटा सारवून, गूळ फोडून बसले. गाडीची माणसं आली. वाटेवरनं मला हात केला आणि सरळ हॉल्टवर गेली. मला वाटलं, नवं नवं आहे, बाकडं बघायला गेली असतील. तिसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच जायला लागली. जाणारच. तिथं सावली होती, पाणी होतं, बसायला जागा होती. सगळं मीच दिलेलं.

आणि बाकडं रुळाकडं तोंड करून. त्यामुळं मला दिसायच्या त्या सगळ्या पाठी. साखरबाईची पाठ, कॉलेजच्या पोरींच्या पिशव्या अडकवलेल्या पाठी, निळ्या शर्टाची पाठ. आणि त्या पाठींखाली तांबड्या अक्षरात मालक, एकटेच माझ्याकडं बघत. ते असतानाही फार बोलत नव्हते. पण बसायचे तरी.

मी सवयीनं चहाला आधण जास्त ठेवायची आणि मग दिवसभर तोच कढवून प्यायची. गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या. मी त्यांना काही केलं नाही. म्हणलं, तेवढीच ये-जा. वांग्याचा भाव मला कळेना. कोण आजारी, कोण बरं झालं, कळेना. माहेरच्या गावातली एक मैत्रीण गेली, ते मला तिच्या दहाव्यानंतर कळलं. पूर्वी असलं वर्तमान मला सकाळच्या गाडीनं यायचं आणि सांजच्या गाडीपर्यंत मी रडून मोकळी झालेली असायची.

गोकुळचा फोन आला. आवाजात समाधान. म्हणाला, "आई, आता ओटा कसा मोकळा दिसतोय. बरं झालं, नाही?"

मी म्हणाले, "व्हय. लई मोकळा झालाय."

त्याला दिसतं चांगलं. ऐकू कमी येतं.

मी ठरवलं, लोक येत नाहीत तर आपण जावं. बाकडं आपल्याच नवऱ्याच्या नावाचं आहे, त्यावर बसायला लाज कसली? सकाळी लुगडं नीट केलं आणि हॉल्टवर गेले. साखरबाई सरकून म्हणाली, "बसा की मावशी." माझ्या बाकड्यावर मलाच पाव्हणीसारखं बसवलं. बसले. तर काय, ओट्यावर माणसं गोल बसायची, बाकड्यावर तारेवरच्या कावळ्यांसारखी रांगेत. रांगेतल्याला शेजारच्याचं तोंड दिसत नाही. सगळी समोर रुळांकडं बघत होती, नाहीतर मांडीवरच्या मोबाईलमध्ये. मी वांग्याचा विषय काढला, तो रुळावर जाऊन पडला.

आणि मग साखरबाईनं विचारलं, "कुठं निघालाव?"

आमच्याकडं हॉल्टवर बसलेल्या माणसाला हे विचारतातच. त्याला उत्तर लागतं. नाव असलेल्या घरची बाई उगीच म्हणून स्टेशनवर बसत नसते. तसं बसतात ती कुणाचं कुणी नसलेली माणसं. 'करमत नाही म्हणून आले' असं मी साखरबाईला सांगितलं असतं, तर ते मार्केट यार्डात कोथिंबिरीच्या आधी खपलं असतं. मी मान ताठ केली आणि म्हणाले, "बारामतीला."

खिडकीतनं दादासोनं ऐकलं. त्याचा कान तसा गाडीला कामाचा नाही, पण गिऱ्हाइकाला आहे. "बारामती का आक्का? या, फाडतो." आता काय करणार? तिकीट घेतलं. गाडी आली. साखरबाईनं वरनं ओढलं, दादासोनं खालनं ढकललं, आणि मी, सारजाबाई, काही काम नसताना, पायात घरच्या चपला, बारामतीला निघाले. मोबाईल घरात चार्जिंगला.

बारामतीत मला एकही काम नव्हतं. गावात बिनकामाचं माणूस लगेच ओळखू येतं, शहरात कुणी वळूनही बघत नाही. मला वाटलं होतं त्यात बरं वाटेल. पेठेत जरा फिरले, चपलेचा अंगठा तुटला, तो सुतळीनं बांधला, एक चहा घेतला आणि परत स्टेशनवर येऊन सांजच्या गाडीची वाट बघत बसले. बाकड्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ असं लिहिलं होतं. मी एकेक अक्षर लावून वाचलं. माझी पाठ त्याच नावाला टेकली होती. मी जरा पुढं सरकून बसले. मनात आलं, ह्याची बायको कुठं असेल? आणि तिचा ओटा?

दिवसभर शेजारी माणसं बसली, उठली. कुठं निघालाव म्हणून कुणी विचारलं नाही. माझ्याकडं तर आता उत्तर तयार होतं.

इकडं मागं काय झालं ते मला छबूनं नंतर सांगितलं. तिनं लावलेलं तिखटमीठ काढून सांगते. दुपारी गोकुळनं डोळ्यातनं बघितलं तर ओटा रिकामा. फोन केला, फोन घरात वाजला. मग तो चौकटीवरनं हाका मारायला लागला. आई, ए आई. छबू धुणं वाळत घालत होती, तिनं रिकाम्या घराला आई आई करताना ऐकलं आणि पिळा टाकून धावत आली. सकाळचं मेथी-पालक खपवून साखरबाई कुणाच्या तरी टेम्पोतनं परतली होती, पण ती पडली खालच्या वस्तीची, तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि दादासो खिडकी लावून घरी झोपलेला. लोकांनी विहिरीत वाकून बघितलं. उसात हाका मारल्या. कुणीतरी म्हणालं, सकाळी मान ताठ करून रुळाकडं चालली होती. मग बायका रडायला लागल्या. गोकुळनं मीटिंग सोडली आणि मोटार काढली.

मला ह्यातलं काय माहीत? दिवेलागणीला गाडी मेंढवाडीला लागली आणि मी खिडकीतनं बघितलं तर माझ्या ओट्यावर माणूस मावत नव्हतं. ओटा भरलेला, अंगण भरलेलं, लिंबाखाली माणसं. म्हणलं, आमच्या घरात कोण गेलं? मग हिशेब केला तर आमच्या घरात जायला मी सोडून कुणी शिल्लकच नव्हतं.

मी उतरले. बाकडं रिकामं, पत्र्याखाली चिटपाखरू नाही. गाडीपुरता नुकताच झोपेतनं उठून आलेला दादासो तेवढा पुढं आला आणि आधी त्यानं काय विचारलं असेल? तिकीट. मी लुगड्याच्या टोकाची गाठ सोडून परतीचं तिकीट त्याच्या हातात ठेवलं. त्याचं तोंड पडलं.

ओट्यावरनं छबूनं मला बघितलं आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. त्या शिव्या ऐकून मला फार बरं वाटलं. खालच्या वस्तीतनं तेव्हाच धावत आलेल्या साखरबाईनं, मीच हिला गाडीत ओढलं म्हणत, गळ्यात पडून रडून घेतलं, खांद्यावरचं लुगडं ओलं केलं. छबूनं माझ्याच दुधाचा, माझ्याच साखरेचा, मोठ्या पातेल्यात चहा केला होता आणि तो प्यायला सगळं गाव माझ्याच कपबश्या घेऊन बसलं होतं. गोल.

गोकुळ मोटारीपासून अनवाणी धावत आला. डोळे तांबडे, शर्ट बाहेर. लहानपणी जत्रेत हरवला होता तेव्हा असाच दिसत होता.

"कुठं होतीस?" तो म्हणाला.

"बारामतीला."

"कशाला?"

"तिकीट काढलं व्हतं."

तो माझ्या शेजारी ओट्यावर बसला. मी गुळाचा डबा काढला, मुंग्या फुंकल्या आणि सगळ्यांना खडा दिला. त्यालाही दिला. मग माझं हरवणं राहिलं बाजूला आणि लोक बोलायला लागले. वांगी उतरली होती. निळ्या शर्टवाल्याची बायको बाळंत झाली होती, मुलगी. माझ्या त्या गेलेल्या मैत्रिणीचं कसं झालं, तेही कळलं. शेवटी तिनं काय खायला मागितलं होतं इथपर्यंत. मी बसल्या बसल्या तिच्यासाठी रडून घेतलं. गोकुळ सगळं ऐकत होता. चौकटीवरचा डोळाही बघत होता, पण त्याच्यामागं त्या वेळी कुणी नव्हतं.

मग जेवणवेळ झाली आणि एकेक जण उठला. छबू कपबश्या विसळून गेली. ओटा पुन्हा मोकळा झाला. गोकुळनं घड्याळात बघितलं. त्याला वाटतं मला कळत नाही. म्हणाला, योगिनी वाट बघत असेल, सकाळी ऑफिस आहे. आणि आई, एक करू. त्या बाकड्यावर पण एक कॅमेरा लावू, म्हणजे तू तिकडं गेलीस तरी मला दिसशील. त्याच्या हातात मोटारीची किल्ली वाजत होती.

मी ओट्यावर बसूनच त्याला म्हणाले:

"गोकुळ, तुझा डोळा ऱ्हाऊ दे. तुझी मोटार लई वाईट हाय, ती कवा बी निघती. पुढच्या बारीला रेल्वेनं ये. सकाळची गाडी एकदा गेली की सांजच्यापातुर दुसरी न्हाय, दादासो कितीबी निघाली म्हनू दे. तवर तुला बसावं लागंल. तितं बाकडं हाय तुझ्या बापाच्या नावाचं, पर तू त्याच्यावर बसू नगंस. तू हितं ओट्यावर बस."